खासदाराकडं कमान मागू नका

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहून मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. पण आमच्या तालमीच्या कट्ट्यावर खासदाराची परीक्षा आजही एकाच विषयात होते, तो म्हणजे निधी. कमान दिली का? हॉल बांधला का? गटारीवर फरशी टाकली का?

अहो, गटार महापालिकेची! खासदाराच्या हाती विकासकामांसाठी वर्षाला ५ कोटी. चंदगडपासून कोल्हापूर उत्तरपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघांत ते वाटले, तर कुणाची तहान भागणार? शिवाय ही निधीची योजना १९९३ची. त्याआधी चार दशकं संसद चाललीच होती.

खासदाराचं खरं काम संसदेतच. लोकसभेत सकाळी ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. वेळेअभावी त्यांतले मोजकेच पुकारले जातात. पण पुकारला गेला, की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्नही झेलावे लागतात. अलमट्टी धरणाची उंची, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे, पंचगंगेचं पाणी हे आपले विषय तिथं गाजायला हवेत.

विधेयकावर मत देताना १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळं खासदार पक्षाच्या व्हिपला बांधलेला असतो. प्रश्न विचारायला मात्र व्हिप लागत नाही. तिथं गप्प बसणाऱ्याला सबब नाही.

कुणी काय विचारलं, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार गल्लीत आला, की तेवढं वाचून मगच त्याला हार घाला.