आंबटपणा राखणारी बाग

2012 च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स काउंटीतल्या नायटिंबर या वायनरीने जाहीर केले, की यंदाच्या पिकाची वाइन होणार नाही. उन्हाळाभर पावसाने उसंत दिली नव्हती, ऐन फुलोऱ्यात गारठा पडून सेटिंग बिघडले होते, आणि जे मणी धरले तेही मनासारखे पिकले नाहीत. वाइनमेकर शेरी स्प्रिग्ज यांनी हे फळ नको म्हटले आणि मालक एरिक हीरेमा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्षभराची छाटणी, बांधणी, फवारणी, मजुरी सगळी अंगावर घेऊन. अवकाळीत सापडलेला प्लॉट सोडून देणे आपल्या वाचकांनीही भोगले आहे, पण तो नाइलाज असतो. इंग्लंडातल्या इतर वायनऱ्यांनी त्याच हंगामात थोडीफार वाइन केली. नायटिंबरने आपणहून थांबायचे ठरवले. असा निर्णय ज्या बागेत होऊ शकतो ती कशी उभी राहिली, हे मला आपल्या वाचकांसमोर ठेवायचे आहे.

वेस्ट चिल्टिंग्टन गावाजवळच्या या जागेची नोंद 1086 सालच्या डूम्सडे बुकात सापडते. आठव्या हेन्रीने ॲन ऑफ क्लीव्ह्ज हिच्याशी झालेला विवाह रद्द केला, तेव्हा तिला दिलेल्या मालमत्तेत ही जागा होती. वायनरीने आपल्या सर्वांत उंची वाइनला '1086' हेच नाव दिले आहे. पण बागायतदाराच्या हिशेबाने इथला इतिहास 1988 मध्ये सुरू होतो. शिकागोहून आलेल्या स्टुअर्ट आणि सँडी मॉस या दांपत्याने ही जमीन घेतली आणि त्या वर्षी शार्डोने, पिनो न्वार आणि पिनो म्यूनिए या शँपेनच्या तीन जातींची लागवड केली. त्यांना सल्ला मिळाला होता सफरचंदे लावण्याचा. इंग्लंडात तेव्हा द्राक्षे म्हणजे म्युलर-थुर्गाऊ, रायखनश्टायनर, सेव्हाल ब्लांक अशा थंडीत लवकर पिकणाऱ्या जाती. साखर चढत नाही, मग जी चढवते ती जात लावा, असा तो विचार होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. अडचण एवढीच, की त्यातून होणारी साधी पांढरी वाइन जगात कुठेही, कुठेकुठे अधिक चांगलीही, होत होती.

मॉस दांपत्याने प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. इथे साखर कमी आणि आम्ल जास्त, तर मग कमी साखर आणि जास्त आम्ल हवे असणारी वाइन कोणती? उत्तर होते शँपेनसारखी फेसाळ, म्हणजे स्पार्कलिंग वाइन. 1992 च्या पिकाची त्यांची ब्लांक द ब्लांक बाजारात यायला चार-पाच वर्षे लागली. 1997 मध्ये तिला लंडनच्या इंटरनॅशनल वाइन अँड स्पिरिट कॉम्पिटिशनमध्ये सुवर्णपदक मिळाले, आणि पुढच्या वर्षी 1993 च्या क्युव्हेने त्याच स्पर्धेत जगभरच्या स्पार्कलिंगमध्ये पहिला मान मिळवला. लावणीपासून मोजले तर पहिली कौतुकाची थाप पडायला नऊ वर्षे गेली. आपल्याकडे नवी बाग लावणाऱ्या तरुणाने आणि त्याला कर्ज देणाऱ्या बँकेनेही हा आकडा लिहून ठेवावा असे मला वाटते.

वाइनला फेस आणण्याची विद्याही इंग्लंडला नवी नव्हती. ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने डिसेंबर 1662 मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. वाइनचा धंदा करणारे लोक वाइन तरतरीत आणि फेसाळ व्हावी म्हणून तिच्यात साखर आणि काकवी घालतात, असे त्याने त्यात नोंदवले होते. फेसाळ शँपेनचे श्रेय ज्याला दिले जाते तो दों पेरिन्याँ ओव्हिलेच्या मठात दाखल झाला तो त्यानंतर, 1668 मध्ये. दाब सोसणारी बाटलीही इंग्लंडातच तयार होत होती: जहाजांसाठी लाकूड राखायचे म्हणून 1615 च्या सुमारास राजाज्ञेने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळणे बंद झाले, कोळसा आला, आच वाढली, काच मजबूत निघाली. द्राक्ष मात्र तेव्हा परदेशचे होते. ते इंग्लंडच्या मातीत यायला तीन शतके जावी लागली.

आता आम्लाकडे. आपल्या वाचकांचा अर्धा जन्म ब्रिक्स मोजण्यात गेला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. पारंपरिक पद्धतीच्या स्पार्कलिंगला मूळ वाइन साधारण साडेदहा-अकरा टक्के अल्कोहोलची लागते, म्हणजे रस 17 ते 19 ब्रिक्सचा पुरतो. मग बाटलीत लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून झाकण लावतात. दुसऱ्या आंबवणीत अल्कोहोल सव्वा टक्क्याने वाढते आणि आत सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. त्यानंतर मेलेल्या यीस्टच्या गाळावर बाटली पडून राहते. नायटिंबरची नेहमीची क्लासिक क्युव्हे अशी तीन वर्षे आणि त्याहून जास्त पडून असते. या सगळ्या काळात वाइनला ताजे ठेवते ते आम्ल आणि कमी पीएच. इंग्लंडात रसातले आम्ल लिटरला 10 ग्रॅमच्या वर असणे नेहमीचे. त्यातला मॅलिकचा तीक्ष्णपणा पुढे मॅलोलॅक्टिक आंबवणीने हवा तेवढा उतरवता येतो. जास्तीचे आम्ल कमी करता येते. नसलेले आम्ल पिंपातून टार्टारिक ओतून आणता येते खरे, पण जाणत्या जिभेला ते वेगळे लागते.

हे आम्ल टिकते कशाने? एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनअखेर-जुलैत फुलोरा, आणि काढणी ऑक्टोबरात. पिकण्याच्या काळात रात्री गार असतात, आणि उष्णतेत मण्यातले मॅलिक ज्या वेगाने जळते तो वेग तिथे मंदावतो. नायटिंबरच्या मूळ बागेखालची जमीन ग्रीनसँडची, पाण्याचा निचरा करणारी. हॅम्पशायर आणि केंटमधल्या त्यांच्या बागांखाली मात्र खडू आहे. दक्षिण इंग्लंडचा आणि शँपेनचा खडू हा एकाच प्राचीन समुद्राच्या तळाचा. फ्रेंचांनाही हे कळले आहे. शँपेनच्या तेतांजेने केंटमध्ये जमीन घेऊन 2017 पासून लागवड केली. तापमान वाढते आहे, तसा आज इंग्लंड-वेल्समधला द्राक्षाखालचा पट्टा 4,000 हेक्टरांच्या पुढे गेला आहे.

धोके मात्र सरले नाहीत. 2017 च्या एप्रिलअखेरीस पडलेल्या कडाक्याने इंग्लंडभरच्या बागांतले कोवळे फुटवे करपून गेले. अशा रात्री ओळींमधून मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून हवा ऊबदार ठेवतात. निफाडचा पारा घसरला की बागेत शेकोट्या करून आणि ड्रिपने पाणी सोडून जागणाऱ्या आपल्या माणसांना ते चित्र परके वाटणार नाही. आपल्याकडे तेव्हा मणी भरलेले असतात आणि तडकतात, त्यांच्याकडे डोळे नुकते फुटलेले असतात, एवढाच फरक.

स्प्रिग्ज मूळच्या कॅनडाच्या. त्या 2007 पासून पती ब्रॅड ग्रेट्रिक्स यांच्यासह इथे काम करतात. फळ फक्त स्वतःच्या बागांतले घ्यायचे, हा नियम त्यांच्याही काळात टिकला आहे. 2018 मध्ये इंटरनॅशनल वाइन चॅलेंजने त्यांना वर्षाच्या सर्वोत्तम स्पार्कलिंग वाइनमेकरचा मान दिला. त्याआधी तो शँपेनबाहेर गेला नव्हता आणि कोणा स्त्रीला मिळाला नव्हता. पुरस्कारांपेक्षा मला त्यांचा एक बदल महत्त्वाचा वाटतो. पूर्वी क्लासिक क्युव्हे एकेका सालाची असे. स्प्रिग्ज यांनी जुन्या सालांच्या वाइनचा साठा वाढवत नेला आणि ती अनेक सालांचे मिश्रण म्हणून आणली. बेभरवशाच्या हवेचा हा विमा आहे, आणि त्याचा हप्ता चांगल्या वर्षी भरावा लागतो: हातात माल असताना तो न विकता टाकीत ठेवून.

आपल्यापैकी जुन्यांना आठवत असेल, नायटिंबरची पहिली बाटली बाजारात यायच्या आधीच नारायणगावची 'ओमर खय्याम' लंडनमध्ये विकली जात होती. शँपेनच्या पाइपर-हाइडसिकचे तंत्रसाहाय्य घेऊन ती तयार झाली होती. आज दिंडोरीत शाँदाँ आहे, नाशकात सुला आहे, आणि बागायतदार शेनँ ब्लांक लवकर खुडून देतो आहे. हवेत आपली आणि ससेक्सची तुलना नाही. तिथे आम्ल उतरायची वाट पाहतात, इथे ते हातून निसटण्याआधी गाठावे लागते, कधीकधी दोन-तीन दिवसांच्या फरकाने. म्हणूनच ज्या करारात दर फक्त ब्रिक्सवर ठरतो, तो स्पार्कलिंगच्या द्राक्षाला न्याय देत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. वायनऱ्यांनी पीएच आणि एकूण आम्ल दराच्या तक्त्यात आणावे, आणि बागायतदाराला मापनाचा कागद हातात द्यावा.

जानेवारीपासून स्पार्कलिंगचे प्लॉट सुरू होतील. ज्यांचे शेनँ ब्लांक किंवा शार्डोने जाणार आहे त्यांनी खुड्याच्या आधीचे दहा दिवस रोज सकाळी ठरावीक ओळींतले शंभर मणी काढून ब्रिक्स, पीएच आणि आम्ल लिहून ठेवावे. सोबत रात्रीचे किमान तापमानही टिपावे. गाव, खुंट आणि छाटणीची तारीख घालून ती पाने आमच्याकडे पाठवा. एप्रिलच्या अंकात आपण ती शेजारी-शेजारी मांडून छापू.