म्हैसूरचा मोहनम, सांगलीचा भूप

नोकरीनिमित्त म्हैसूरला आलेल्या मराठी घरांत मुलांना गाण्याचा क्लास लावायची वेळ आली की एक अडचण समोर येते. इथे जवळपास मिळतात ते बहुतेक कर्नाटक संगीताचे शिक्षक. मग तिकडे सांगलीत पेटीवर भूप वाजवणाऱ्या आजीचं काय? तिचं गाणं नातवंडांपर्यंत पोहोचणारच नाही का?

पोहोचेल, आणि तेही या क्लासच्या मदतीनेच! इथे मुलं पहिले धडे मायामाळवगौळ रागात गिरवतात. त्याचे स्वर म्हणजे आपल्या भैरवाचेच. मोहनमचे पाच स्वर तेच भूपाचे: सा, रे, ग, प, ध. फरक असतो तो चालीत आणि गमकांत. हा पूल जुनाच आहे. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) म्हैसूर दरबारात गायले, त्यांनी कर्नाटक संगीत मनापासून ऐकलं आणि तिथली सरगम आपल्या गायकीत आणली.

आजी आणि नात व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊ शकत नाहीत, कारण आवाज पोहोचायला किंचित उशीर होतो आणि ताल सुटतो. इथे संगीतनिर्मितीचं सॉफ्टवेअर कामी येतं. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी, फोनवर बँडलॅब; दोन्ही मोफत मिळतात. यात प्रत्येक आवाजाचा वेगळा ट्रॅक असतो. असं करून बघा:

१. दोघींनी आधी एकच सा ठरवावा, समजा काळी चार.

२. पहिल्या ट्रॅकवर त्याच स्वरातला तानपुरा घ्या.

३. आजीने भूपाचे आरोह-अवरोह आणि एखादी सोपी सरगम गाऊन पाठवावी. व्हॉट्सॲपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर आवाजाचा दर्जा टिकतो.

४. नातीने हेडफोन लावून ते ऐकावं आणि आपल्या ट्रॅकवर मोहनम गावा. हेडफोन हवाच, नाहीतर आजीचा आवाजही माइकमध्ये शिरतो.

५. मग एकेक ट्रॅक बंद करून ऐका. अवघड जागा असेल तर 'टेम्पो' निम्मा करा. वेग कमी होतो, सूर उतरत नाही. लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवली, तर तीनतालाचं एक आवर्तन बरोबर १६ सेकंदांचं होतं.

एका गोष्टीपासून मात्र मुलांना जपा. सूर आपोआप सरळ करणारं बटण रियाजात बंद ठेवा. त्याचं कारण आकड्यांत सांगते. सा २४० हर्ट्झचा धरला, तर तानपुऱ्यात घुमणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झचा असतो. कीबोर्डचा गंधार साधारण ३०२.४ येतो. यंत्र मुलीचा गोड लागलेला गंधार 'चूक' समजून कीबोर्डकडे ओढतं. गमकातला स्वर तर मुळातच हलता असतो. यंत्र त्याला एका जागी खिळवून टाकतं. शिवाय बेसूर गाऊनही रेकॉर्डिंग सुरेल येऊ लागलं, तर मूल स्वतःचा आवाज ऐकायला शिकणार कधी?

क्लासमधलं रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी गुरुजींची परवानगी घ्या. श्वास कुठे घ्यायचा, बसायचं कसं, गमक कुठून उचलायचा हे तेच समोर बसून सांगतील. सॉफ्टवेअर फक्त आरसा धरतं.

या रविवारी एवढंच करा: तानपुरा, आजी आणि नात असे तीन ट्रॅक. फाइलला तारीख घालून जपून ठेवा आणि दर महिन्याला एक नवी करा. दिवाळीला सांगलीला जाल तेव्हा सगळ्या फाइल्स ओळीने लावा. नातीचा सूर कुठून कुठे आला हे आजीला लगेच कळेल. आणि आजीचा आवाज तर तुमच्या घरात कायमचा राहील.