सुएझ रुंद झाला, आपली नोंदवही कुठाय?



मागच्या मासिक बैठकीत आम्ही वाढवण बंदराचा विषय काढला, तसे एक जुने सभासद म्हणाले, "सेक्रेटरी, कुठं तो सुएझ कालवा, कुठं ते वाढवण आणि कुठं आपली वेदगंगा! आपल्याला काय करायचंय त्याचं? तलावाचा ठेका कधी मिळतोय तेवढं सांगा." सगळे हसले. आम्हीपण हसलो. पण काकांचा प्रश्न खरा आहे. बैठकीत वेळ नव्हता, म्हणून उत्तर इथं लिहितोय.

आधी सुएझचं बघू. हा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला सुरू झाला. त्याआधी मुंबईहून विलायतेला जाणारं जहाज अख्ख्या आफ्रिका खंडाला वळसा घालून जायचं. कालव्यामुळं जवळजवळ ७,००० किलोमीटर वाचले. तेव्हा कालवा ८ मीटर खोल होता, आज २४ मीटर आहे. २०१५ साली इजिप्तनं ३५ किलोमीटरचा नवा फाटा खोदला आणि आणखी ३७ किलोमीटर रुंद-खोल केला. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचं जहाज त्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस जगाचा व्यापार थांबला, हे टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय. ते जहाज ४०० मीटर लांब होतं. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जायची नाही. त्यानंतर इजिप्तनं दक्षिणेकडचा भाग आणखी ४० मीटरनं रुंद करायला घेतला.

आता यातली मेख बघा. कालवा रुंद झाला की जहाजवाला जहाज मोठं करतो, कारण एका खेपेत जास्त माल नेला की डब्यामागं खर्च कमी पडतो. जहाज मोठं झालं की त्याला खोल बंदर लागतं. आणि एवढं मोठं जहाज चार-पाच बंदरांना लागत बसत नाही, एक-दोन ठिकाणीच थांबतं. म्हणजे कालवा रुंद होतो इजिप्तमध्ये आणि खोदकाम निघतं आपल्या किनाऱ्यावर. मोठं बंदर आणखी मोठं होतं आणि छोटं बंदर गाळात बसतं.

हे आजचं नाही. आपल्याच भागाचं उदाहरण घ्या. एके काळी बेळगावच्या छावणीचं सामान वेंगुर्ला बंदरात उतरायचं आणि आंबोलीचा घाट चढून बैलगाड्यांनी वर यायचं. धारवाडकडचा कापूस कुमठा आणि कारवारच्या बंदरातून जायचा. सुएझ सुरू झाला, आगबोटींचा जमाना आला आणि मुंबईचा व्यापार वाढत गेला. पुढं १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसलरॉक, लोंढामार्गे रेल्वे वर आली. मग वेंगुर्ल्याला कोण विचारतो? आज तिथं मासळीच्या होड्या आणि पर्यटक दिसतात. देवगड-निपाणी राज्यमार्गाचं नावच सांगतंय, की आपल्या गावाचं एका बंदराशी नातं होतं. आता त्या वाटेनं फोंडाघाट चढून मासळी येते, आंबे येतात. पण जहाजाचा माल म्हटलं की सगळ्यांची तोंडं मुंबईकडं.

आता वाढवण. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ हे बंदर होतंय. सुमारे ७६,२०० कोटींचा प्रकल्प. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. न्हावा शेवाला गाळ काढून काढून १५ मीटरच्या आसपास खोली मिळते. वाढवणला निसर्गतःच २० मीटरच्या आसपास आहे. आज आपल्या देशाचा बराच माल छोट्या जहाजानं कोलंबोला किंवा सिंगापूरला जातो आणि तिथं मोठ्या जहाजात चढतो. ते भाडं वाचेल, असं सरकार म्हणतं. हे खोटं नाही. आपल्या सभासदांचीच पोरं बेळगाव आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीत कामाला आहेत. कास्टिंगचा माल परदेशी जातो तो बंदरातूनच. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली, दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले आणि भाडी चढली. त्याची झळ कारखानदारांना बसली. त्यामुळं बंदर नकोच, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणणं आपल्याच पोरांच्या पोटावर पाय देणं होईल.

पण वाढवणसाठी समुद्रात १,४०० हेक्टरांवर भराव पडणार आहे. जिथं डोल आणि वागरा लावून पिढ्यानपिढ्या मासळी मारली, तिथं काँक्रीट येणार. तिथल्या मच्छीमारांचा विरोध कालचा नाही. १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं हेच बंदर नाकारलं होतं आणि २०२३ साली त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली. कारवारला २०२० च्या जानेवारीत बंदर वाढवण्याच्या कामाविरुद्ध मच्छीमार रस्त्यावर उतरले होते. किनारा वेगळा, सरकार वेगळं, पण तक्रार एकच: आम्हाला कुणी मोजलंच नाही.

आमचं म्हणणं नेमकं इथं आहे. शेतकऱ्याकडं जमिनीचा उतारा असतो. धरण येऊ दे, रस्ता येऊ दे, उतारा दाखवला की निदान यादीत नाव तरी लागतं. मच्छीमाराकडं पाण्याचा उतारा कुठला? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' कुणाला म्हणायचं हे सांगताना मच्छीमार आणि नावाड्यांचं नाव आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्यात मेख अशी, की जमीन संपादन झाल्यामुळं उपजीविका गेलेली असली पाहिजे. समुद्र कोण संपादन करतो? तो तर सरकारचाच. भराव टाकला, काम सुरू. ज्याची मासळी गेली तो कागदावर कुठंच नाही.

तरी लढलेल्यांना मिळालंय. न्हावा शेवाच्या बंदरामुळं आणि भरावामुळं मासेमारी गेलेल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्या, असा आदेश २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिला. ठाण्याच्या खाडीवर तिसरा पूल होताना वाशीची मच्छीमार सहकारी संस्था हायकोर्टात गेली. २०२१ साली कोर्टानं मच्छीमारांचा भरपाईचा हक्क मानला आणि भरपाईचं धोरण ठरवा, असं राज्याला सांगितलं. लक्षात घ्या, कोर्टात गेली ती संस्था. एकटा कोळी गेला नाही. आणि १,६३० हा आकडा आला कारण कुणीतरी ती घरं मोजली होती.

आता आपल्याकडं या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा तिन्ही नद्या घरात शिरल्या. किती जणांची जाळी आणि नावा वाहून गेल्या, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. नंतर अर्ज घेऊन एका ऑफिसात गेलो, तर साहेबांनी एकच विचारलं, "हे मासे धरत होते याला पुरावा काय?" ज्यांची मासळी संस्थेच्या वहीत चढली होती, त्यांचे अर्ज पुढं सरकले. ज्यांनी "वहीत कशाला, परस्पर विकतो, दोन रुपये जास्त मिळतात" म्हटलं होतं, ते रिकाम्या हातानं परत आले. त्यात आमचे स्वतःचे चुलतभाऊसुद्धा होते. आम्ही सेक्रेटरी असून काही करू शकलो नाही.

म्हणून काका, सुएझचं आणि आपलं नातं हे असं आहे. जगाच्या व्यापाराला पाणी लागतं. कधी जहाजासाठी, कधी धरणासाठी, कधी कारखान्यासाठी. ते पाणी घेताना आधी विचारतात, इथं कोण होतं? त्या वेळी वही उघडून दाखवता आली पाहिजे.

सरकारकडं आमचं मागणं दोनच गोष्टींचं. पहिलं, बंदर असो की धरण, भराव टाकण्याआधी त्या पाण्यावर जगणाऱ्या घरांची मोजणी मच्छीमार संस्थांना बरोबर घेऊन करा. काम झाल्यावर नको. दुसरं, मोठ्या बंदराला हजारो कोटी देताना देवगड, मालवण, वेंगुर्ला, कारवारच्या जेट्टीला गाळ काढायला आणि बर्फाच्या कारखान्याला थोडं द्या. मुंबईचा ससून डॉक १८७५ साली व्यापारी मालासाठी बांधला होता. आज तिथं मासळी उतरते आणि हजारोंचं पोट चालतं. मोठ्या जहाजाला जे बंदर पुरत नाही, ते आपल्या होडीला भरपूर होतं.

आणि सभासदांकडं एकच मागणं. रोजची मासळी रोज वहीत चढवा. कटला किती, रोहू किती, मरळ किती, कुठल्या पाण्यातली, सगळं. नुसती अर्धा किलो असली तरी चढवा. बायका बाजारात बसून विकतात, त्यांचंही नाव लावा, कारण मोजणीत सगळ्यात आधी त्याच सुटतात.

पाण्याला उतारा नाही. आपली वही हाच आपला उतारा. उद्यापासून वही सकाळी सात ते नऊ संस्थेच्या कट्ट्यावर असेल. येताना पेन आणायची गरज नाही, आम्ही बसलेलो असू.

आपले,
सचिव