परसदारचें पान : चिऱ्यांच्या फटींतील मखमल

गेल्या श्रावणांत आमच्या काकू मागील दारच्या वाटेवर घसरून पडल्या व त्यांचें मनगट मोडलें. विहिरीपासून पडवीपर्यंत, चार-चार बोटांची फट ठेवून, जांभ्याचे बावीस चिरे बसविलेले आहेत. त्या फटींतील हिरवी मखमल आमच्याच हौसेनें राखलेली. घरांत निकाल तत्काळ लागला : शेवाळ खरवडून टाकावयाचें आणि फटींत सिमेंट भरावयाचें. काकूंचा प्लास्टरमधील हात समोर असतां आम्हांलाही बोलण्यास तोंड नव्हतें.

तथापि ज्या चिऱ्यावरून त्या घसरल्या तो आम्ही दुसऱ्या दिवशीं खालीं बसून नीट पाहिला. त्यावर मखमलीचा मागमूसही नव्हता. होता तो काळपट हिरवा, बुळबुळीत लेप. आपण दोहोंनाही शेवाळच म्हणतों, आणि या एका शब्दानें मोठा घोटाळा करून ठेवला आहे. बुळबुळीत थर शैवालांचा. त्याला ना पान ना देंठ, आणि ओला झाला कीं तो पायाखालीं साबणासारखा सरकतो. मखमल वाटतें तें मॉस. भिंग घेऊन पाहिल्यास त्याचीं इवलालीं पानें व देंठ स्पष्ट दिसतात. त्याला खरीं मुळें नसतात. केसांसारख्या तंतूंनीं तें दगडमातीला धरून राहतें व पाणी मुख्यतः पानांवाटेच शोषून घेतें. त्यावर पाय पडल्यास तेंही निसरडें होतें, हें मात्र कबूल केलें पाहिजे. म्हणून त्याची जागा फटींत, पावलाखालीं नव्हे.

तें लावावें कसें, असें आमच्या वाचकभगिनी विचारतील. ताकांत मॉस कुसकरून दगडाला फासावें, अशी एक कृति पुष्कळ ठिकाणीं सांगितली जाते. आम्ही ती केली. पांढरी बुरशी आली, मुंग्या आल्या, आणि शेजारचें मांजर दोन दिवस हलेना. मॉस कांहीं आलें नाहीं. ताक कढीसाठीं ठेवावें हें बरें. आमच्या अनुभवानें फटींतील माती चिऱ्याच्या पातळीहून बोटभर खालीं ठेवून ती चोपून घट्ट करावी, खत मुळींच घालूं नये, आणि आषाढांत गडग्यावरील मॉसचे तळहाताएवढे तुकडे उचलून तींत दाबून बसवावे. गवत कोवळें असतांच हातानें उपटावें व पडलेलीं पानें वेंचावीं, कारण पानांखालीं मॉस कुजतें. बाकी काम पाऊस करितो.

खरें पाहतां मॉस लावण्यापेक्षां त्याला येऊं देणेंच अधिक साधतें. जपानांत क्योतो येथील साइहो-जी मठाला लोक कोकेदेरा, म्हणजे शेवाळाचें मंदिर, म्हणतात. मुसो सोसेकी या झेन आचार्यांनीं १३३९ मध्यें ती बाग नव्यानें रचली. आजचें मॉस त्यांनीं लावलेलें नव्हे. पुढें मठाला विपन्नावस्था येऊन निगा सुटली, तेव्हां सावलींत व दमटपणांत तें आपोआप पसरलें, असें सांगतात. आतां तेथें सुमारें १२० जाती आहेत, आणि १९७७ पासून आगाऊ परवानगीशिवाय तेथें प्रवेश मिळत नाहीं!

आमच्याकडे अशी बारमाही हिरवळ मिळावयाची नाहीं. दिवाळीनंतर आमची मखमल तपकिरी होते, वैशाखांत तर चुरा झाल्यासारखी दिसते. पाहुणे ती मेली असें समजतात. परंतु मॉसच्या बऱ्याच जाती वाळूनही जिवंत राहतात. मृगाचीं पहिलीं शिंतोडीं पडलीं कीं थोड्याच वेळांत रंग परततो. तेव्हां उन्हाळ्यांत पाणी घालण्याचा खटाटोप आम्ही सोडून दिला आहे. देशावरील वाचकांच्या अंगणांत, फरशीच्या सांध्यांत, चंदेरी झांक असलेलें एक बुटकें मॉस आढळतें. तें ऊन बरेंच सोसतें, त्यांनीं तेंच राखावें.

हें सारें आम्ही काकूंना तो चिरा दाखवून सांगितलें. त्या म्हणाल्या, "तुझी मखमल तूं सांभाळ, मला विहिरीवर जातां आलें पाहिजे." तेव्हांपासून दर शनिवारीं आम्ही स्वतः बावीसही चिरे वाळू व खराट्यानें घासतों, आणि वाटेच्या कडेनें धरावयास बांबू बांधला आहे. विहिरीलगतच्या चार चिऱ्यांच्या फटी मात्र काकूंनीं सिमेंटनें भरून घेतल्या. तेथें बारा महिने पाणी सांडतें. त्यांचें म्हणणें बरोबर होतें.