विश्लेषण : गांजाच्या लोण्याची ताकद घरी मोजता येते का?

गांजा मुरवलेले लोणी करून ते बिस्किटे, केकमध्ये घालण्याचे व्हिडिओ अमेरिका-कॅनडात तयार होतात आणि जालना, अंबड, परतूरमधल्या मोबाइलवर तितक्याच सहज उघडतात. ‘इतका गांजा, इतके लोणी, म्हणजे एका चमच्यात इतके मिलिग्रॅम’ असा हिशेबही त्यात मांडलेला असतो. तो फसवा आहे. लोण्याची ताकद घरात मोजता येत नाही. डब्याचे वजन मात्र कायदा मोजतो.

हा प्रकार नवा आहे का?

नाही. भांग किंवा गांजा तुपात उतरवून साखरेत केलेली ‘माजूम’ भारतात जुनीच. कलकत्त्यातील डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये तिचे वर्णन केले होते. आयुर्वेदातही भांग आहे, पण औषधविषयक नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत ती विषारी द्रव्यांत मोडते. ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. म्हणजे परंपरेचा दाखला द्यायचा, तर मात्रा ठरवणारा वैद्यही त्याच परंपरेत आहे.

लोणी किंवा तूपच का?

नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. तो पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. कच्च्या वनस्पतीत तो बहुतांशी आम्लाच्या रूपात असतो आणि उष्णता मिळाल्यावर त्याचे टीएचसी होते. हे रूपांतर किती झाले, लोण्यात किती उतरले आणि जास्त तापल्याने किती वाया गेले, हे डोळ्यांना दिसत नाही.

मग ताकद कशी ठरवायची?

घरी ठरवता येत नाही. पहिली अडचण मूळ मालाची. एकाच झाडाच्या शेंड्यात आणि पानांत टीएचसीचे प्रमाण वेगळे असते. चोरट्या बाजारातल्या मालावर ना लेबल असते, ना तपासणीचा दाखला. हिशेबाचा पहिला आकडाच अंदाजाचा असेल, तर पुढचा गुणाकार-भागाकार कितीही नेमका केला तरी उत्तर अंदाजाचेच राहते. दुसरी अडचण मिसळण्याची. एकाच डब्यातला एक चमचा सौम्य आणि दुसरा जहाल निघू शकतो. रंग, वास, कडवटपणा यांवरून काही कळत नाही. खरे प्रमाण प्रयोगशाळेतील यंत्रच सांगते.

‘थोडे खाऊन पाहू’ हा उपाय का चालत नाही?

कारण खाल्लेला गांजा उशिरा चढतो. धूर ओढला तर काही मिनिटांत परिणाम जाणवतो. खाल्ल्यावर अर्धा ते दोन तास लागतात, जोर त्यानंतर वाढतो आणि अंमल सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकू शकतो. यकृतात टीएचसीपासून आणखी एक प्रभावी घटक तयार होतो, त्यामुळे खाल्लेल्या गांजाचा अंमल अधिक जड वाटतो. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा तुकडा खाल्ला जातो आणि दोन्ही एकदम चढतात.

२०१४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९ वर्षांच्या विद्यार्थ्याबाबत हेच घडले. बिस्किटाच्या एका तुकड्याने काही वाटले नाही, म्हणून त्याने उरलेलेही खाल्ले. पुढे बेभान अवस्थेत चौथ्या मजल्यावरून उडी मारून त्याचा मृत्यू झाला. ते बिस्कीट परवानाधारक दुकानातले होते आणि त्यात ६५ मिलिग्रॅम टीएचसी असल्याची नोंदही होती. छापील आकडा असताना हे झाले. घरच्या डब्यावर तर आकडाच नसतो.

कायदा काय सांगतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार झाडाचा फुलोरा किंवा फळधारणा झालेले शेंडे म्हणजे गांजा, तर राळ म्हणजे चरस. त्यांचे कोणतेही मिश्रणही कायद्यात मोडते. शेंड्यांशिवायची पाने व बिया, म्हणजे भांग, या व्याख्येबाहेर आहेत. पण महाराष्ट्रात भांगेलाही मोकळीक नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो.

गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर ‘अल्प’ आणि २० किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यावसायिक’ प्रमाण धरले जाते. चरसासाठी हे आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो आहेत. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मधल्या प्रमाणाला ही शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. व्यावसायिक प्रमाणाला किमान १० वर्षे. तुरीच्या किंवा कपाशीच्या आड दोन-चार झाडे लावणे हाही स्वतंत्र गुन्हा असून त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

लोण्याबाबत महत्त्वाचा आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा २०२० मधील हिरा सिंग खटल्याचा निकाल. मिश्रणाचे प्रमाण ठरवताना फक्त अमली घटक नव्हे, त्यात मिसळलेल्या साध्या पदार्थाचे वजनही धरावे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे मूठभर गांजा किलोभर लोण्यात उतरवणाऱ्याने मूठभराचा हिशेब धरून निर्धास्त राहू नये. अशा डब्याला चरसाचे मिश्रण ठरवले गेले, तर १०० ग्रॅमची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असेल.

घरातल्या इतरांचे काय?

फ्रिजमधले लोणी सगळ्यांचे असते. अमेरिकेत सहा वर्षांखालील मुलांनी गांजायुक्त खाद्यपदार्थ चुकून खाल्ल्याच्या विषबाधा केंद्रांकडील नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, त्या २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. लहान मुलाला गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. घरातल्या आजी-आजोबांना तोल जाणे, छातीत धडधड, भ्रम असा त्रास होऊ शकतो. अंमल तासन्‌तास टिकत असल्याने समृद्धी महामार्गावर किंवा गावच्या रस्त्यावर गाडी चालवणारा इतरांचाही जीव धोक्यात घालतो.

त्रास झाला तर?

१०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, हे डॉक्टरांपासून लपवू नये. उलटी करवण्याच्या फंदात पडू नये, गुंगीतल्या माणसाला एकटे सोडू नये. सवय सोडायची असेल तर १४४४६ ही नशामुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवन आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूदही याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे.

गांजाबाबतचा कायदा बदलावा की नाही, यावर जगभर वाद आहे आणि तो भारतातही होत राहील. पण ज्या देशांत विक्री खुली झाली, त्यांपैकी अनेकांनी तपासणी, लेबल आणि मात्रेची मर्यादा आणली. मोबाइलवरच्या व्हिडिओत कृती असते, ही व्यवस्था नसते. ती नसताना स्वयंपाकघरात केलेला प्रयोग हा खाणाऱ्याच्या जिवाशी आणि सगळ्या घराच्या अब्रूशी खेळ आहे.