दाखल्याआधीचा वकील

दिव्यांग व्यक्तींना मिळणारे निवृत्तिवेतन, अनुदान किंवा नुकसानभरपाई यांच्या दाव्यांत वकिलाला स्थान नसावे, असे मत प्रशासनात आणि वैद्यकीय व्यवसायात बरेच रुजलेले आहे, आणि ते बाळगणारे सगळेच काही निष्ठुर नसतात. त्यांची मांडणी साधारणपणे अशी असते की या योजना कल्याणकारी असल्यामुळे त्यांत वादी-प्रतिवादी असे कोणी नसते, अर्जदाराने कागदपत्रे नीट जोडली तर लाभ मिळतोच आणि जोडली नाहीत तर वकीलही काही करू शकत नाही. शिवाय दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवणे हा वैद्यकाचा प्रश्न असल्याने तेथे युक्तिवादाला जागा नाही, आणि वकिलाचा शिरकाव झाला की विलंब, खर्च व खोटे दावे एवढेच वाढतात. याउपर कोणावर अन्याय झालाच तर मोफत विधी सेवा आहेच, असे सांगून हा पक्ष आपले म्हणणे पुरे करतो. यातील फसव्या दाव्यांची भीती विचारात घेण्याजोगी आहे. बाकीची विधाने मात्र कायद्याच्या तरतुदींशी आणि न्यायनिर्णयांशी ताडून पाहिली असता टिकत नाहीत.

वाद नसतोच, हे पहिले गृहीतक. महाराष्ट्रात 1980 पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग अर्जदाराला किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तलाठ्यामार्फत चौकशी होते आणि प्रकरण तालुका समितीपुढे जाऊन मंजूर किंवा नामंजूर ठरते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत मात्र दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि 80 टक्क्यांची अट आहे, म्हणजे एकच माणूस एका योजनेत पात्र व दुसरीत अपात्र असू शकतो. यातील प्रत्येक अट ही कायदेशीर अर्थाने सिद्ध करण्याची गोष्ट आहे. उत्पन्न मोजताना कुटुंब म्हणजे कोण, भावाच्या घरी राहणाऱ्या प्रौढ दिव्यांग व्यक्तीच्या नावावर भावाची कमाई धरायची की नाही, ऊसतोडीसाठी दरवर्षी काही महिने परराज्यात जाणाऱ्याचे वास्तव्य खंडित झाले काय, हे अन्वयार्थाचे प्रश्न आहेत, आणि ते अर्जदाराच्या विरुद्ध सुटले की समोर प्रतिवादी म्हणून कोणी उभे नसले तरी त्याच्या हक्कावर प्रतिकूल निर्णय झालेलाच असतो. प्रतिवादी दिसत नाही एवढ्यावरून वाद नाही असे म्हणणे म्हणजे निर्णय देणारा आणि विरोध करणारा एकाच टेबलाशी बसतो ही वस्तुस्थिती नजरेआड करणे होय. 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांचे हे अनुदान दरमहा 1,500 वरून 2,500 रुपये करण्याचा निर्णय झाल्याने नामंजुरीची किंमतही वाढली आहे.

येथे पूर्वपक्षाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख करणारा राज्यघटनेचा अनुच्छेद 41 मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो, तो न्यायालयात थेट बजावता येत नाही, आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम 24 सुद्धा सामाजिक सुरक्षेची जबाबदारी शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत ठेवते. म्हणून अनुदान 2,500 ऐवजी 6,000 हवे, असा दावा तहसील कार्यालयात कोणी मांडू शकत नाही. ती राजकारणाची बाब आहे. पण एकदा योजना आखली, अटी लिहिल्या आणि निधी ठेवला की त्या अटी सर्वांना सारख्या लावणे हे औदार्य राहत नाही, ते अनुच्छेद 14 खालील समानतेचे बंधन ठरते. वकिलाचे काम रक्कम वाढवण्याचे नसून हे बंधन पाळले गेले की नाही ते तपासण्याचे आहे.

टक्केवारीचा मुद्दा अधिक काळजीने तपासावा लागतो, कारण पूर्वपक्षाचे खरे बळ तेथेच आहे. 2016 च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले आणि बहुतेक लाभांसाठी लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे प्रमाणित करणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या मते किमान 40 टक्के दिव्यांगत्व, ही पात्रतेची रेषा आखली. मोजणी डॉक्टरांनीच करावी, याबद्दल दुमत नाही. परंतु मोजणी ज्या शासकीय सूचनांनुसार होते त्या सूचना हा एक अधिसूचित नियमसंच आहे, आणि तो पाळला गेला की नाही हा प्रश्न शुद्ध वैद्यकीय राहत नाही. एखाद्याच्या पायाचे दिव्यांगत्व 30 टक्के आणि श्रवणाचे 20 टक्के असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ आपला आकडा लिहितो, कानाचा डॉक्टर आपला लिहितो, आणि दोन्ही आकडे 40 च्या खाली असल्यामुळे अर्जदार दोनदा अपात्र ठरून घरी जातो. वस्तुतः एकाहून अधिक दिव्यांगत्वे असल्यास त्यांचा संयुक्त आकडा काढण्याचे सूत्र ठरलेले आहे. त्यानुसार 90 मधून मोठी टक्केवारी वजा करून उरलेल्या संख्येला लहान टक्केवारीने गुणायचे, 90 ने भागायचे आणि आलेली संख्या मोठ्या टक्केवारीत मिळवायची. 30 आणि 20 यांची बेरीज अशा रीतीने 50 होत नाही, पण 43 च्या थोडी वर जाते आणि माणूस रेषेच्या अलीकडून पलीकडे येतो. हे सूत्र लावण्याची मागणी करायला शरीरशास्त्र यावे लागत नाही, नियम माहीत असावा लागतो.

टक्का आणि त्याचा परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तर न्यायालयांनी फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली त्याची कमाईची क्षमता पूर्णपणे नष्ट झाली असे मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. पुढे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या प्रकरणात 2010 मध्ये त्याच न्यायालयाने ही कसोटी विस्ताराने मांडली: डावा हात गमावल्याने येणारे शारीरिक अपंगत्व साधारण 60 टक्के धरले, तरी जखमी माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ 100 टक्के असू शकते आणि तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी शाबूतही राहू शकते. हे निर्णय नुकसानभरपाईचे आहेत, प्रमाणपत्राचे नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो बरोबरही आहे. मात्र 2024 मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या टक्केवारीच्या आधारे त्याला अपात्र ठरवणे अमान्य केले आणि दिव्यांगत्व अभ्यासक्रमाच्या आड येते काय, याचे उत्तर मूल्यमापन मंडळाने कारणांसह नोंदवले पाहिजे असे सांगितले. वैद्यकीय मंडळाचा आकडा हा पुरावा असतो, निकाल नसतो, हे सूत्र या सर्वांतून एकसारखे वाहते.

सैनिकांच्या दिव्यांगत्व निवृत्तिवेतनाचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे, आणि सातारा, सांगली, कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांतील घराघरांत सैन्याची नोकरी असल्यामुळे महाराष्ट्राला तो परकाही नाही. सेवामुक्त करताना वैद्यकीय मंडळाने आजार प्रकृतिजन्य आहे, त्याचा सैन्यसेवेशी संबंध नाही, एवढाच शेरा मारला की निवृत्तिवेतन नाकारले जाई. धरमवीर सिंग प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रघात मोडून काढला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे उद्भवला वा बळावला असे गृहीत धरावे, सिद्धतेचा भार सैनिकावर टाकू नये आणि मंडळाला वेगळे मत द्यायचे असेल तर त्याने कारणे लिहावीत. येथे आजाराचे निदान कोणी बदलले नाही. निदानावरून काढलेला निष्कर्ष नियमांना धरून नव्हता, एवढेच दाखवले गेले, आणि ते दाखवणारा डॉक्टर नव्हता. याला एक कडू बाजूही आहे. दावा उशिरा दाखल झाला तर थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या 3 वर्षांपुरतीच मिळते, हे 2008 च्या तरसेम सिंग निर्णयाने ठरलेले आहे. वीस वर्षांपूर्वी सेवामुक्त झालेल्या सैनिकाला आज हक्क सापडला, तरी मधली बहुतेक वर्षे हातची गेलेली असतात.

मोफत विधी सेवा आहेच, या उत्तरात अर्धे सत्य आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता ही सेवा मिळू शकते, आणि कलम 2 मधील व्याख्येत न्यायालयाबरोबरच इतर प्राधिकाऱ्यांपुढील कार्यवाहीचा आणि कोणत्याही कायदेशीर बाबीवरील सल्ल्याचा समावेश आहे. शब्द इतके रुंद असताना व्यवहारात ही सेवा मुख्यतः न्यायालयाच्या आवारात, तालुका विधी सेवा समितीच्या खोलीत आणि लोकअदालतीच्या दिवशी भेटते, तर दिव्यांगाचा दावा जिल्हा शल्यचिकित्सकाच्या तपासणी खोलीत किंवा नायब तहसीलदाराच्या टेबलावर बुडतो. त्यातही एक विचित्र फेरा संभवतो: दिव्यांग म्हणून मोफत वकील हवा तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडा, असा आग्रह धरला गेला, तर ज्याचे प्रमाणपत्रच नाकारले गेले आहे तो नेमका बाहेर राहतो. कायदा वाचला तर या आग्रहाला आधार नाही. कलम 12 मध्ये संदर्भ दिला आहे तो 1995 च्या जुन्या अधिनियमातील दिव्यांगत्वाच्या व्याख्येचा, आणि 40 टक्क्यांची अट त्या व्याख्येत नसून दुसऱ्या उपखंडात होती; जुना कायदा रद्द झाल्यानंतर 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या कलम 8 नुसार तो संदर्भ नव्या कायद्याकडे वळतो, त्यामुळे स्वमग्नतेसारखे नव्याने आलेले प्रकारही त्यात येतात असे मानणेच सयुक्तिक आहे. पस्तीस टक्के ठरवलेला माणूस मोफत विधी सेवेला पात्र आहे, आणि त्याला तिची गरज इतरांहून अधिक आहे.

खोट्या दाव्यांच्या भीतीबद्दल थोडक्यात सांगता येते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे घडतात, 2024 मध्ये महाराष्ट्रात असा एक वाद देशभर गाजला, आणि फसवणुकीने लाभ घेणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कारावास किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद 2016 च्या अधिनियमाच्या कलम 91 मध्ये आहे. परंतु काही जण गैरफायदा घेतील म्हणून सर्वांना संशयित मानण्याची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने विकासकुमार प्रकरणात 2021 मध्ये, परीक्षेतील लेखनिकाच्या सवलतीच्या संदर्भात, नाकारली आहे. शिवाय कायदेशीर मदत नसलेली जागा रिकामी राहत नाही, तेथे दलाल येतो. वकिलावर 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाची शिस्त असते, दलालावर कोणाचीच नसते.

मग मंडन काय? मदत न्यायालयाच्या पायरीवर नव्हे, अर्जाच्या पहिल्या दिवसापासून असावी, आणि ती प्रत्येक वेळी वकिलानेच द्यावी असेही नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्याने 1948 मध्येच विमा न्यायालयापुढे कामगाराच्या वतीने नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्याला उभे राहण्याची मुभा दिली होती. त्याच धर्तीवर विधी सेवा प्राधिकरणाचे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक रुग्णालयातील तपासणीच्या दिवशी आणि तहसीलमधील निराधार योजनेच्या टेबलाशी बसू शकतात. त्यांचे पहिले काम अगदी साधे आहे, ते म्हणजे नकार लेखी मिळवणे. प्रमाणपत्र नाकारताना कारणे लेखी कळवावीत असे नियम सांगतात आणि त्या निर्णयाविरुद्ध 2016 च्या अधिनियमाच्या कलम 59 खाली अपील करता येते, पण खिडकीवर तोंडी मिळालेल्या नकारावर अपील करणे दुरापास्त असते. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवा रखडल्यास 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम मुदत व अपील देतो. दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावण्यासारख्या बाबींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, मात्र त्यांचा शेवट शिफारशीत होतो आणि संबंधित प्राधिकाऱ्याने 3 महिन्यांत कृती कळवायची असते. ही मर्यादा ओळखून कोठे जायचे ते ठरवणे हाच कायद्याचा सल्ला. प्रत्येक नामंजुरीवर थेट उच्च न्यायालयात रिट करणारा वकील मात्र पूर्वपक्षाची शंका खरी करून दाखवतो.

राहिला पैशाचा प्रश्न. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा दिव्यांगत्वाच्या दाव्यांत प्रतिनिधीला सामान्यतः थकबाकीच्या 25 टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते मानधन मिळते. गरिबाला आगाऊ खर्च पडत नाही हा त्याचा गुण, आणि निर्णय जितका लांबेल तितकी थकबाकी, व कमाल मर्यादा गाठेपर्यंत मानधनही, वाढते हा त्याचा दोष. भारतात निकालावर अवलंबून फी ठरवण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई असल्यामुळे तो रस्ता बंद आहे, आणि दरमहा 2,500 रुपयांच्या दाव्यासाठी पदरची फी देणे अर्जदाराला परवडणारे नाही. त्यामुळे खर्च विधी सेवा प्राधिकरणानेच उचलणे प्राप्त आहे. पॅनेलवरील वकिलांचे मानधन प्रामुख्याने न्यायालयातील प्रकरणाशी जोडलेले असते, तेथे कलम 59 खालचे अपील लिहिणे, संयुक्त टक्केवारीची फेरतपासणी मागणे आणि तालुका समितीपुढे लेखी म्हणणे सादर करणे या कामांचे स्वतंत्र दर ठरवावे लागतील, आणि नामंजुरीच्या प्रत्येक पत्रावर अपिलाची मुदत, अपिलीय प्राधिकाऱ्याचे पदनाम व विधी सेवेचा 15100 हा क्रमांक छापण्याची सक्ती शासन निर्णयाने करावी लागेल.