विश्लेषण : समाजकार्यासाठी परवाना हवा का?

साताऱ्यातील पोवई नाका असो की सांगलीतील विश्रामबाग, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावाआधी ‘समाजसेवक’ हा शब्द हमखास दिसतो. तो लावायला कुणाची परवानगी लागत नाही, लागूही नये. पण याच दोन जिल्ह्यांत समाजकार्य हा ज्यांचा पगारी व्यवसाय आहे, असेही अनेक जण आहेत. मूल घरी पाठवावे की बालगृहात ठेवावे, दत्तक घेऊ इच्छिणारे जोडपे योग्य आहे का, मारहाण सोसणाऱ्या महिलेने घरी परतणे सुरक्षित आहे का, अशा निर्णयांत त्यांच्या शब्दाला वजन असते. घरात वायरिंग करणाऱ्या वायरमनला परवाना लागतो, औषध दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. या मंडळींसाठी मात्र तशी कोणतीही सर्वसाधारण नोंदणी नाही.

सध्याचा कायदा काय सांगतो?

डॉक्टर, परिचारिका, वकील यांच्याप्रमाणे समाजकार्याची स्वतंत्र वैधानिक परिषद भारतात नाही. देशातील पहिली समाजकार्य शिक्षणसंस्था १९३६ मध्ये मुंबईत सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. आज साताऱ्याजवळ जकातवाडीतही समाजकार्याचे महाविद्यालय आहे. विद्यार्थी एमएसडब्ल्यू करतात, क्षेत्रकार्य करतात, पदवी घेतात. त्यानंतर नाव नोंदवायची जागा नाही.

‘आमची संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली आहे,’ असे उत्तर अनेकदा मिळते. ती नोंदणी संस्थेची असते. त्यात विश्वस्त कोण, हिशेब कसा, मालमत्ता किती, हे पाहिले जाते. संस्थेत काम करणारी व्यक्ती सक्षम आहे का, याचा त्यात संबंध येत नाही.

याला अपवाद आहेत का?

काही आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये ‘सायकिॲट्रिक सोशल वर्कर’ची व्याख्या आहे. त्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे एम.फिल. लागते. त्यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते.

दुसरा अपवाद म्हणजे २०२१चा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय, क्लिनिकल आणि मानसोपचार क्षेत्रातील समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. मात्र राज्यांच्या परिषदा स्थापन होण्यात इतकी दिरंगाई झाली, की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

अर्धवट चौकटीने काय होते?

एमएसडब्ल्यूच्या एकाच वर्गातील दोघांचा विचार करा. एक जण मिरजेच्या शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक झाला, दुसरी साताऱ्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षात लागली. पहिल्याच्या कामासाठी निदान केंद्रीय कायद्याची चौकट आहे. दुसरीच्या कामासाठी तीही नाही. प्रत्यक्षात तिच्या कामात चूक झाली तर मुलाचे अख्खे बालपण पणाला लागते.

एका अहवालाला एवढे महत्त्व का?

साखर हंगामात या दोन्ही जिल्ह्यांत ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. समजा, तिथे बालविवाहाच्या बेतात असलेली मुलगी सापडली आणि तिला बालकल्याण समितीसमोर आणले. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार समिती सामाजिक तपासणीचा आदेश देते आणि ती १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवी. घरची स्थिती काय, लग्नाचा दबाव कुणाचा, मुलगी स्वतः काय म्हणते, हे त्या अहवालात येते. समिती बहुतांशी त्यावर विसंबून निर्णय घेते.

हे काम करणाऱ्याची पात्रता केंद्राच्या २०१६च्या आदर्श नियमांत दिली आहे. समाजकार्य, समाजशास्त्र अशा विषयातील पदव्युत्तर पदवी किंवा पदवी आणि बालकांच्या क्षेत्रातील सात वर्षांचा अनुभव. पण ही पात्रता नेमणुकीपुरती. घरी न जाता टेबलावर बसून अहवाल लिहिला, तर फार तर कंत्राट वाढवले जात नाही. साताऱ्यात असे काम गमावलेली व्यक्ती पुढच्या महिन्यात सांगलीतील संस्थेत रुजू होऊ शकते. गुन्हा दाखल असेल तर पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत दिसेल. निष्काळजीपणा कुठेच दिसणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. बिहारमध्ये मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार २०१८ मध्ये उघड झाले, ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. प्रशिक्षित आणि दबावाला न झुकणारी माणसे तपासणीला गेली, की काय बाहेर येऊ शकते हे तिथे दिसले.

मग परवान्याला विरोध का?

विरोधाला भक्कम कारणे आहेत आणि ती याच मातीत सापडतात. साताऱ्यात व्यसनमुक्तीचे ‘परिवर्तन’ केंद्र उभारणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे मिरजेत शिकलेले डॉक्टर होते. गर्भलिंगनिदानाविरोधात साताऱ्यातून लढणाऱ्या वर्षा देशपांडे या वकील आहेत. २०२५ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने एड्स प्रतिबंधाचे काम उभे केले, ते वेश्याव्यवसायातील महिलांनाच कार्यकर्त्या बनवून. पदवीची अट असती तर हे काम उभे राहिले असते का?

दुसरी भीती सरकारची. परवाना देणारा हात तो काढूनही घेऊ शकतो. प्रशासनाला अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्याची नोंदणी ‘नियमभंगा’च्या नावाखाली रद्द होणारच नाही, याची खात्री कोण देणार?

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत प्रत्येक राज्य परवाना देते. फिलिपिन्सने १९६५ मध्येच कायदा केला. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे बिरुद २००५ पासून कायद्याने संरक्षित आहे आणि २०१९ पासून ‘सोशल वर्क इंग्लंड’ ही स्वतंत्र संस्था नोंदणी सांभाळते. कोणत्या व्यक्तीची नोंदणी आहे, हे तिथे कुणीही ऑनलाइन तपासू शकते. न्यूझीलंडने आधी ऐच्छिक नोंदणी ठेवली आणि २०२१ पासून ती सक्तीची केली.

महाराष्ट्रासाठी मार्ग कोणता?

परवाना ‘समाजसेवक’ या शब्दाला नको, ठरावीक कामांना हवा. मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल, दत्तकपूर्व गृहभेट अहवाल, पोलिस ठाण्यातील विशेष कक्षात पीडित महिलेचे समुपदेशन, बालगृहाची तपासणी. ज्या सहीमुळे दुसऱ्याच्या आयुष्याची दिशा बदलते, ती सही नोंदणीकृत व्यक्तीचीच असावी. मोर्चा, प्रबोधन, वस्तीतील काम, बचत गट यांना या कायद्याने हातही लावू नये.

त्यात पदवीचीच सक्ती नको. सात वर्षांच्या अनुभवाची वाट आदर्श नियमांत आहेच. त्याला मराठीतून परीक्षा आणि देखरेखीखालील कामाची जोड देता येईल. शुल्क कंत्राटी पगाराला झेपेल एवढेच हवे. परिषदेत बहुसंख्य सदस्य निवडून आलेले असावेत आणि बालगृहात वाढलेल्या तरुणांनाही जागा असावी. नोंदणी रद्द करण्याआधी सुनावणी आणि नंतर अपील, हे दोन्ही कायद्यातच लिहायला हवे.

याचा फायदा कार्यकर्त्यालाही आहे. ‘अहवाल जरा बदला’ असा गावपुढाऱ्याचा निरोप आला, तर आज कंत्राटी कर्मचाऱ्याकडे स्वतःच्या हिमतीशिवाय काही नसते. उद्या ‘माझी नोंदणी जाईल’ असे सांगता येईल आणि पाठीशी परिषद असेल.

राज्य स्वतः कायदा करू शकते का?

हो. ‘विधी, वैद्यक आणि इतर व्यवसाय’ हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत २६व्या क्रमांकावर आहे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी केंद्राचा कायदा यायच्या खूप आधी महाराष्ट्राने २००२चा कायदा करून स्वतःची परिषद आणली होती. समाजकार्यासाठीही दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

सुरुवात खर्चिकही नाही. प्रत्येक जिल्ह्यात असे अहवाल लिहिणाऱ्यांची सार्वजनिक यादी आणि तक्रारीसाठी एक ठिकाण, एवढे तर कायदा होण्याआधीही करता येईल. आपल्या मुलाबद्दल अहवाल कुणी लिहिला आणि तो चुकीचा वाटला तर कुठे जायचे, हे आईवडिलांना मोबाइलवर कळायला हवे.